इंग्रजीच्या वर्गात आमची गोष्ट
(लालबाग येथील चाळीत गावकरी मंडळींपुढे एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आपली मुले इंग्रजी शिकू लागली, हे फार चांगले झाले. सावित्रीबाई फुले यांनी 1854 सालच्या आपल्या 'काव्यफुले' संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला होता. पण ज्या फीसाठी तुम्ही पोटाला चिमटा घेता, त्या वर्गात मूल शिकते काय, हे कोणी विचारता काय? तेथे लघुकथा शिकवितात; पुढे कॉलेजात चांगली कथा कोणती हे ठरविण्याचे शास्त्रही शिकवितात. कथा परक्याची आणि कसोटीही परक्याची, असे झाले म्हणजे मूल इंग्रजी बोलते खरे, पण बापाच्या धंद्याची लाज बाळगू लागते. हे नुकसान फीपेक्षा मोठे आहे.

दुखणे जुनेच आहे. 1885 साली पुण्यास भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे आमंत्रण जोतीरावांना आले, तेव्हा ज्यांच्या ग्रंथांत आमच्या सुखदुःखाला जागा नाही त्यांच्याशी आमचा मेळ कसा बसणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. ते पत्र हेच आमचे पहिले साहित्यशास्त्र, असे मी समजतो.

मग इंग्रजीत आमची गोष्ट नाहीच काय? आहे! वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले; पण त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा अर्जुन डांगळे यांनी 1992 साली काढलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या इंग्रजी संग्रहात आहे. वारणाकाठचा भीमा हा दांडगा गडी मुंबईस येतो, उपनगरातील खाणीवर राबतो. खाण बंद पडते. भुकेपायी तो मढी उकरून सोने शोधू लागतो. एके रात्री त्याची बोटे मढ्याच्या जबड्यात अडकतात व कायमची जातात. तोच बातमी येते, खाण पुन्हा चालू झाली!

सुतार दुसऱ्याचा नांगर पाहतो, तेव्हा रंग पाहत नाही. सांधा कोठे बसविला, भार कोठे येतो, हे पाहतो. कथा शिकविणे याहून निराळे नाही. खाण चालू झाल्याची बातमी अगदी शेवटी का? ती एक दिवस आधी येती, तर बोटे वाचती. गरिबाचे बळ कोणाच्या मर्जीवर टांगलेले आहे, हे त्या एका सांध्यात दिसते. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ज्यांनी पाहिले, त्या लालबागकरांना हे मी काय सांगावे?

नवरसांचा शास्त्री या कथेला बीभत्स म्हणून मोकळा होईल. पण तो हात मढ्यापर्यंत नेला कोणी, हे विचारणे हेही शास्त्रच आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले. 2004 साली ते इंग्रजीत आले. तेव्हा इंग्रजीत पुस्तक नाही, ही सबब कोणा मास्तराला उरली नाही.

परक्यांच्या कथा टाकून द्या, असे मात्र मी म्हणत नाही. रशियाच्या चेखवचा आजा जमीनदाराचा बांधील दास होता. पैसे भरून तो सुटला. असे लेखक आमचे सोयरेच होत. त्यांच्या पंगतीत आमचेही पान मांडा, एवढेच मागणे आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. मुलाने वर्गात वाचलेली इंग्रजी कथा रात्री जेवताना घरच्या भाषेत सांगावी. आईबापांनी आपल्या कामातील एक हकीकत मुलाला सांगावी, व ती त्याने इंग्रजीत लिहावी. आणि पालकांच्या सभेत मान खाली घालून बसू नका. आमच्या लोकांची कथा कोणती शिकविता, असे मास्तरांना नम्रपणे पण नेटाने विचारा. विचारणाराच्या मुलाला लाज शिवत नाही.

 सत्यमेव जयते.