पेटीमागची तार
(वार्षिक सभेतील भाषण)



वाकोल्याच्या या सभेत आपण दरवर्षी उपकरणनिधीचा हिशेब ऐकता. त्या हिशेबात सहसा न दिसणाऱ्या एका तारेविषयी आज बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

छातीत त्वचेखाली बसविलेल्या डीफिब्रिलेटरची पेटी सर्वांच्या लक्षात राहते. परंतु हृदयाचे ठोके पेटीला कळविते आणि जीवघेण्या कंपनाच्या वेळी विजेचा झटका हृदयापर्यंत पोहोचविते ती शिरेतून आत गेलेली तार, म्हणजे लीड. हृदय दिवसातून सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. तितक्याच वेळा ही तार हलते. तिचे आवरण झिजले वा आतील धातू तुटला, तर तारेतील खरखरीलाच पेटी हृदयाचे कंपन समजते आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला झटक्यामागून झटके देते. कधी याउलट, खरी वेळ येते तेव्हा झटका पोहोचतच नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही लीड तुटण्याच्या प्रकारांमुळे विक्रीतून मागे घेण्यात आली. तोवर जगभरात अशा सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसविल्या गेल्या होत्या. बारीक तार घालण्यास सोपी, म्हणून ती आम्हां डॉक्टर मंडळींनाही प्रिय होती, हे संकोचाने सांगतो. धड असलेली तार सरसकट काढण्याचा सल्ला मात्र दिला गेला नाही. शिरेला चिकटलेली जुनी तार ओढून काढणे प्रसंगी प्राणावर बेतते.

अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या, बॅटरी शिल्लक असलेल्या पेट्या निर्जंतुक करून मुंबईतील गरजू रुग्णांना बसविल्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ रुग्णांत अशा १०६ पेट्या बसविल्या गेल्या. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. दातृत्वाचे असे उदाहरण विरळा. परंतु पेटी दानात मिळाली तरी तार नवी घ्यावी लागते, आणि ती धड आहे की नाही हे नियमित तपासणीवाचून कळत नाही. म्हणून देणगीदारांना आमची विनंती, की पेटीबरोबर तार आणि पुढील वर्षांच्या तपासण्या यांचाही भार निधीने उचलावा.

आप्तजनांनी रुग्णाला मे महिन्यात गावी नेण्यापूर्वी तपासणीची तारीख पाहावी. ओळखपत्रावर पेटीबरोबर तारेचेही नाव व क्रमांक आहे ना, याची खात्री करावी. एक झटका बसून रुग्णास बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी कळवावे. लागोपाठ झटके बसले किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात आणावे.