सांगणाऱ्याचा सूर



स्वागत समितीच्या वतीने अहिल्यानगरमध्ये आपलं मनापासून स्वागत करतो. आत्मचरित्रावरचं संमेलन या जिल्ह्यात भरतंय, याचा मला विशेष आनंद आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसाराची कितीतरी वर्षं याच शहरात आणि राहुरीत गेली. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, शिकायला संगमनेरला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आणि पवारांचं 'बलुतं', या दोन्ही आत्मचरित्रांवर आमचा थोडा हक्क आहे!

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. 'निवेदनाचा सूर विनोदी आहे' एवढं लिहून मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात, याची मला खंत वाटत आली आहे. हसतंय कोण, कुणाला हसतंय आणि हसताना त्या माणसाची बाजू सांगतंय का, हे विचारायला त्यांना आपणच शिकवत नाही.

हेच प्रश्न 'स्मृतिचित्रे'ला विचारून पाहा. लक्ष्मीबाईंचे वडील पराकोटीचे सोवळे. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. या सोवळ्याची गोष्ट बाई हसत सांगतात, घरच्यांचे हालही झाकत नाहीत. पण सांगण्याचा क्रम पाहा. १८५७ नंतर आजोबांना फाशी झाली, ती हकिगत आधी येते आणि वडिलांचं सोवळं मागाहून. हे वेड कोणत्या धक्क्यातून आलं ते आपल्याला ठाऊक झालेलं असतं. त्यामुळे हसू येतं, तरी तो माणूस मनातून उतरत नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ सालचा. तोवर बाईंना ख्रिस्ती होऊन तीन दशकं उलटली होती, विटाळचांडाळ कधीच मागे पडलं होतं. वडिलांना दोषी ठरवून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि बाईंची नीती मला दिसते ती तिथे. पुस्तकात उपदेशाचं एखादं वाक्य शोधून ती सापडायची नाही.

'बलुतं' १९७८ चं. तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, माणूस एकच. शिकून पांढरपेशा झालेला जे दडवू पाहतो, ते दगडू उघड्यावर मांडतो. गावकीची लाचारी, मुंबईतल्या कावाखान्यातलं जगणं आणि पहिल्या पत्नीवर घेतलेला संशयसुद्धा. समाजाला जाब विचारणारा हा निवेदक स्वतःला त्या चौकशीतून वगळत नाही, म्हणून त्याचा संताप मला खरा वाटतो. अशा पुस्तकावर 'करुण' अशी चिठ्ठी चिकटवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणखी एक सूर धोंडो केशव कर्व्यांचा. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायपीट करून गेले, तर वय कमी दिसतं म्हणून परत पाठवलं. 'आत्मवृत्ता'त ते हे किती शांतपणे सांगतात! त्या शांतपणाचा अर्थ काय लावायचा, यावर इथे चांगला वाद व्हावा असं मला मनापासून वाटतं.

परिसंवादातल्या वक्त्यांना एक विनंती. कोणत्याही लेखकाबद्दल मत देण्याआधी त्याचा एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. सभागृहात शिक्षक पुष्कळ आहेत, विद्यार्थीही आहेत. त्यांना तो सूर आधी कानांनी ऐकू द्या. वेळ थोडा जास्त लागला तरी आमची हरकत नाही. जेवण आम्ही थांबवून धरू.