मोसंबी फक्त आजाऱ्याची नाही



आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा आणि शेजारचा जालना म्हणजे मोसंबीचे आगर. पैठण, पाचोड, बदनापूर, सगळीकडे बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीतल्या फळाचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले.

पण आपल्या घरात मोसंबी येते कधी? कुणी दवाखान्यात असले म्हणजे! चांगला माल बाजारात जातो, रस आजाऱ्याला मिळतो, आणि दिवसभर राबणारी बाई भाकर-चटणीवर दिवस काढते.

मोसंबी, संत्रे, लिंबू, पपनस ही एकाच कुळातली फळे. त्यांत क जीवनसत्त्व असते. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना महिनोन्‌महिने ताजे अन्न मिळत नसे. त्यांच्या हिरड्या सडत, माणसे मरत. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टराने बारा आजारी खलाशांना दोघादोघांत वाटले आणि निरनिराळे उपाय केले. ज्या दोघांना संत्री-लिंबे दिली, ते सर्वांत लवकर सुधारले.

आपल्याकडचे दुखणे निराळे. पुष्कळ बायांच्या अंगात रक्त कमी असते. मेथी, हरभरा, बाजरी यांत लोह आहे, पण ते सगळे अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळले तर जास्त लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. म्हणून चहा तासाभराने घ्या. भाजी चुलीवरून उतरवा, ताटात वाढा, मग लिंबू पिळा. फार उकळले की क जीवनसत्त्व नासते. दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या मात्र बंद करू नका.

आता मोसंबी कशी खावी? आधी फळ धुवा. साल काढा, पण आतला पांढरा भाग सगळा खरवडू नका. फोडी चावून खा. चोथा पोटाला चांगला. मधुमेह असेल त्याने रसापेक्षा मोजक्या फोडी खाव्यात. रस काढलाच तर बिया भरडू नका आणि लगेच प्या. ठेवलेला रस कडू होतो. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात आंबट रस ठेवू नका.

पपनसाची साल जाड असते. सुरीने उभ्या चिरा पाडून ती सोला. प्रत्येक फोडीचा कडू पापुद्रा काढा आणि आतला गर खा. मात्र रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पपनस जुळत नाही. तशी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाजारात बारीक फळाला भाव येत नाही. पण गुण त्यातही आहेत. तोडणीच्या दिवशी अशी चांगली, न किडलेली चार फळे घरासाठी बाजूला काढा. लेकरांना द्या. आणि घरच्या बाईने, सगळ्यांचे झाल्यावर उरले तर नव्हे, सगळ्यांबरोबर बसून खावे.