मानकापूरचं पाहुणेघर

नागपुरात कोराडी रस्त्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. हे नाव सरकारी कागदावरचं. ऑटोवाल्याला 'मानकापूर स्टेडियम' असंच सांगावं लागतं.

एकट्या २०१७ सालात या छताखाली काय काय झालं पाहा. १४ एप्रिलला पंतप्रधानांच्या हस्ते भीम-आधारचा शुभारंभ. तो काही खेळ नव्हे. पण मोठं सभागृह दिसलं, की सभेलाही तेच हवं असतं. ऑगस्टमध्ये प्रो कबड्डी आली. बेंगळुरू बुल्सला त्या वर्षी आपल्या गावी जागा मिळाली नाही, म्हणून त्यांचे 'घरचे' सामने इथे. आमची पोरं बेंगळुरूसाठी घसा फोडून ओरडत होती! मातीत गुडघे सोलून घेतलेला माझा एक मित्र ती मॅट पाहून म्हणाला, "यावर तर पडायलाही मजा येत असेल."

नोव्हेंबरात राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा भरली. ८ तारखेला अंतिम सामना, सायना नेहवाल विरुद्ध पी. व्ही. सिंधू. मोमिनपुऱ्यातून मी मुलीला घेऊन गेलो.

इथे थोडं घरातलं सांगतो. मुलगी शाळेत असताना चांगली खेळायची. गल्लीत चुन्याची रेघ, दोन खांबांना बांधलेली दोरी, हेच तिचं कोर्ट. वारा आला की फूल शेजारच्या गच्चीवर. बंद हॉल लांब, शिवाय फी. दहावीचं वर्ष लागलं तेव्हा मीच म्हणालो, "बेटा, आता रॅकेट ठेव." तिने ठेवली. वादही घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्या दिवशी पहिला गेम सायनाने २१-१७ घेतला. दुसरा काही संपेचना. पंचवीस-पंचवीस झाले तेव्हा सारं स्टेडियम उभं राहिलं. सायनाने तो २७-२५ असा जिंकला. २००६ आणि २००७ नंतरचं हे तिचं तिसरं राष्ट्रीय विजेतेपद. पुरुषांत प्रणॉयने श्रीकांतला हरवलं.

परतताना ऑटोत मुलगी म्हणाली, "अब्बा, शेवटचा गुण कसा गेला हो? समोरचे उभे राहिले, मला दिसलंच नाही."

मलाही सांगता आलं नाही. माझी नजर तिच्या उजव्या हाताकडे होती. प्रत्येक फटक्याला तिचं मनगट वळत होतं.