लेकीसुनांचे वजन आणि छातीची काळजी
(मंडळाच्या वार्षिक समारंभात वाचलेले भाषण)



मी या विषयावर बोलणार हे कळल्यावर दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. लावू द्या. आपण गुडघ्याबद्दल बोलतो, कंबरेबद्दल बोलतो, पण छातीचे नाव काढले की "अगोबाई, हळू!" म्हणतो. या हळू बोलण्यापायी पोरी मनातल्या मनात कुढतात, म्हणून मी जरा मोठ्यानेच वाचणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगते ते डॉक्टरीणबाईंना विचारून सांगते.

हल्लीच्या मुलींना ध्यास वजनाचा. लग्न ठरले की जेवण सुटले. कोणी नुसत्या काकडीवर राहते, कोणी कोऱ्या चहावर. दीड-दोन महिन्यांत अंग उतरते, त्याबरोबर छातीही उतरते, आणि मग पोरगी घाबरते. यात नवल काही नाही. स्तनात दुधाच्या ग्रंथी आणि चरबी असते. स्नायू असतो तो त्याच्या पाठीमागे. वजन वाढले की तिथली चरबी वाढते, उतरले की कमी होते. अमुक एका जागचीच चरबी घालवणे कोणाच्या हाती नाही. बाजारातली तेले नि मलमे चोळून छाती वाढत नाही की कमी होत नाही. त्या पैशांत शेंगदाणे तरी येतील. व्यायामाने मागचा स्नायू बळकट होतो, एवढे खरे. धावताना, दोरीवरच्या उड्या मारताना मापाची बॉडी घालावी. सैल नको आणि श्वास कोंडेल इतकी घट्टही नको.

फार उपाशी राहिले तर पाळी लांबते, कधी बंदही पडते. "बरे झाले, कटकट गेली" असे म्हणू नये. त्यात हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे.

वजन उतरवायचेच असेल तर आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाले. आधी चहा बघा. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सुमारे 40 ग्रॅम. महिन्याला सव्वा किलो साखर एकटीच्या पोटात! ती अर्धी केली तर घरात कोणाला कळतसुद्धा नाही. फोडणीचे तेल हात आखडून घालावे. भाकरी, आमटी, पालेभाजी मात्र सोडू नये. कंबरेला टेप लावून बघावी. आपल्याकडच्या बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या, आत असावी असे डॉक्टर सांगतात.

आणि हो, जाड मुलीला "तुला कॅन्सर होईल" म्हणून कोणी भेडसावू नका. जास्त वजनाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो पाळी गेल्यानंतरच्या वयात. पण ते वजन बहुधा ऐन तरुणपणापासून थोडे थोडे साठत आलेले असते, म्हणून सवय आत्ता लावायची.

आता गाठीचे. आमच्या आळीतल्या एका मुलीने बरेच वजन उतरवले आणि अंघोळीच्या वेळी तिच्या हाताला गाठ लागली. "बारीक झाले म्हणून लागत असेल" अशी स्वतःची समजूत घालून ती पाच महिने गप्प राहिली. शेवटी तिची आई माझ्याकडे आली. "काकू, पोर रात्री रडते, पण बोलत नाही हो." आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासले. गाठ साधी निघाली. तरुण मुलींत अशा साध्या गाठी पुष्कळदा होतात, बोटाखाली गोटीसारख्या सरकतात. पण साधी की वाईट हे आपल्या बोटाने ठरवायचे नाही. सुईने रोग पसरतो ही भीतीही खोटी आहे. आणि गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. वाईट गाठ पुष्कळदा दुखतच नाही.

पाळीनंतर आठवड्याभरात छाती मऊ असते, तेव्हा आरशात बघावे आणि बोटांच्या पेरांनी काखेपर्यंत चाचपावे. गाठ, खळी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, नव्याने आत ओढलेले बोंड किंवा त्यातून रक्त, यांतले काही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. वजनावर ढकलू नये.

मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची छाती, शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. 2021 साली निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत असा फरक दिसला नाही. पण गाठ लागल्यावर दाखवायला वयाची अट नाही. सरकारी योजनेत तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी फुकट आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.

मंडळाच्या खोलीत आता वजनकाटा आणि टेप ठेवली आहे. मंगळवारी दुपारी तीनला या, लेकीसुनांना घेऊन या. काट्यावरचा आकडा कोणी मोठ्याने वाचणार नाही, आणि दार लावून घेण्याची सोय आहे.