जिंजीचा वेढा मेजावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या छंद-मेळाव्यात दिलेले भाषण)



या मेळाव्यात तिकिटे, नाणी आणि भरतकाम यांच्या शेजारी आमच्या मित्रमंडळींना एक लांबरुंद मेज मिळाले आहे. त्यावर मातीचे तीन डोंगर, त्यांना जोडणारा तट, अंगठ्याएवढे शिपाई, फासे आणि वाटीभर चिंचोके मांडलेले पाहून, हे प्रकरण आहे तरी काय, असे सकाळपासून अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर देण्याची संधी संयोजकांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

या खेळास आपल्या भाषेत जुने नाव आहे : लुटुपुटूची लढाई. मात्र ही लढाई नियमांनी बांधलेली असते. तिचे मूळ फार दूर शोधावयास नको. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना पटावर मांडणारे चतुरंग भारतातच जन्मले, आणि त्याचे वंशज असलेल्या बुद्धिबळाचे वेड या चेन्नई नगरीला किती आहे, हे आपण जाणताच. परंतु बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाहीत, पाऊस नाही, आणि प्याद्याला भूकही लागत नाही. ही उणीव भरून काढण्याचा उद्योग युरोपात झाला. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने युद्धाचा खेळ सिद्ध केला. तो तेथील लष्करी शिक्षणात शिरला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घराघरांत नेली. अमेरिकेत लेक जिनीव्हा या गावी १९६८ साली अशा खेळांच्या शौकिनांचे संमेलन भरले, आणि आज अशी संमेलने अनेक देशांत भरतात.

आम्हां मराठी माणसांना मात्र हे वेड दिवाळीने लावले. अंगणात दगडमाती रचून किल्ला करावयाचा, आळीव पेरून त्यावर हिरवळ उगवावयाची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत मावळे उभे करावयाचे, हे आपल्यापैकी कोणी केले नाही? चेन्नईत या हौसेला अडथळा आला तो पावसाचा. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा सरलेला असतो. येथे त्याच सुमारास तो भरात येतो, आणि गच्चीवरचा किल्ला एका रात्रीत वाहून जातो. म्हणून आम्ही तो घरात, मेजावर आणला. मेजाच्या चारी बाजूंनी फिरून पाहता येऊ लागले, तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. दिवाळीच्या किल्ल्यावर सैन्य एकच असते. मावळे सज्ज आहेत, तोफा रोखलेल्या आहेत; पण कोणावर, ते दिसत नाही. असा किल्ला हा देखावा होय. त्याचा खेळ व्हावयाचा, तर समोरच्या बाजूस कोणीतरी बसावे लागते.

किल्ला कोणता, याविषयी आमच्यात वाद झाला नाही. येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर जिंजी आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर तटांनी जोडून केलेला हा अफाट दुर्ग शिवछत्रपतींनी १६७७ साली विजापूरकरांकडून घेतला. बारा वर्षांनी, संभाजी महाराजांच्या वधानंतर, राजाराम महाराज वेषांतर करून महाराष्ट्रातून निघाले ते याच किल्ल्यात आले, आणि मराठी राज्याची राजधानी तमिळ मुलखात नांदू लागली. शिवछत्रपतींचे चरित्र सांगणारी कृष्णाजी अनंत सभासदांची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली गेली, तीही येथेच. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात नोंदविले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा आपल्या शेजारचा जिंजी होय.

झुल्फिकारखानाने १६९० साली जिंजीला वेढा घातला आणि किल्ला पडला तो १६९८ च्या आरंभी. एवढा काळ का लागला, हे पुस्तकात वाचून आम्हांस पुरते उमगले नव्हते. मेजावर ते दोन तासांत उमगते. तिन्ही डोंगरांभोवती सलग मोर्चे लावावयाचे म्हटले, तर शिपाई पुरत नाहीत. आमच्या खेळात एक खेळी म्हणजे तीन महिने, आणि एका तुकडीला प्रत्येक खेळीस एक चिंचोका, म्हणजे तिची रसद, द्यावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या खेळीत चिखलामुळे तोफा हलत नाहीत. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मेजाच्या कडेने आत येतात. त्यांनी प्रत्यक्षात कांचीचा फौजदार अलीमर्दानखान कैद केला, मोगलांची रसद तोडली, आणि खुद्द छावणीत शहाजादा कामबक्ष यालाच संशयावरून अटक करण्याची पाळी आली. अखेर झुल्फिकारखान मोर्चे सोडून वांदिवाशला मागे हटला. मेजावरही बहुतेक वेळा मोगल हरतात ते तलवारीने नव्हे, रिकाम्या वाटीने.

जिंकणे कशाला म्हणावे, हेही इतिहासानेच ठरवून दिले. किल्ला शेवटी पडला. पण राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटले आणि विशाळगडास पोचले. म्हणून महाराज आत असताना किल्ला घेतला, तरच मोगलांचा पूर्ण विजय मानतो.

आता एका आक्षेपाकडे वळू. मंडळातील काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले, की परमुलखात वाढणाऱ्या मुलांना आपला इतिहास कळावा म्हणून हा खटाटोप, आणि त्यात आपल्याच मुलाने झुल्फिकारखान व्हावयाचे, हे कसे? आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. प्रारंभी एकही मूल त्या बाजूस बसावयास तयार नव्हते. तेव्हा नियम केला, की एक डाव मराठ्यांकडून खेळला, की पुढचा मोगलांकडून खेळावयाचा. दोन्ही डावांच्या गुणांची बेरीज होईल. याचा परिणाम आम्ही पाहिला आहे. पावसात रुतलेल्या तोफांजवळ बसून जो मुलगा रसदेची वाट पाहतो, त्याला संताजी-धनाजींचे मोल कोणत्याही व्याख्यानाहून अधिक कळते. गनिमाच्या अडचणी ओळखणे हाच तर गनिमी काव्याचा पाया आहे.

आणखी एक नियम आम्हांस शेजाऱ्यांकडून मिळाला. आमच्याकडे खेळावयास येणाऱ्या एका तमिळ मुलाने चिंचोके मोजता मोजता विचारले, की हे धान्य येते कोठून? दोन्ही सैन्ये खातात ते पिकवतो कोण? त्या प्रश्नानंतर मेजावर गावे आली. नवरात्रात कपालीश्वर मंदिराजवळच्या माड रस्त्यावर कोलूच्या बाहुल्या विकावयास बसतात; तेथून मातीची घरे, बैल आणि शेतकरी आणले. आता प्रत्येक चिंचोका कोणत्या ना कोणत्या गावातून उचलावा लागतो. गाव रिते झाले, की घर उलटे ठेवतात, आणि ते त्या डावात पुन्हा उभे राहत नाही. गावांच्या बाजूने तिसरा भिडू खेळतो. पराक्रमाच्या कथांत ही रयत सहसा दिसत नाही. ज्या मुलखात आपण पिढ्यान् पिढ्या सुखाने राहिलो, तेथील लोकांच्या पूर्वजांनी तो वेढा कसा सोसला असेल, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. त्याने राजाराम महाराजांविषयीचा आदर तिळमात्र उणावत नाही.

वेल्सचे पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच महायुद्ध पेटले. खेळातले शिपाई डाव संपताच डबीत परत जातात, आणि खरी लढाई किती महाग पडते याची थोडी जाणीव खेळणाऱ्याला देऊन जातात, असेच काहीसे त्यालाही सांगावयाचे होते. या छंदाचा याहून मोठा उपयोग आम्हीही सांगणार नाही.

दुपारी तीन वाजता पहिली खेळी सुरू होईल. मावळ्यांच्या बाजूस भिडू भरले आहेत. गावांची आणि झुल्फिकारखानाची खुर्ची मात्र रिकामी आहे. लहानथोरांपैकी ज्यांना इच्छा असेल, त्यांनी अवश्य यावे.