साठ पट्ट्या, एक गोधडी, दोन अभ्रे

(या भागाचा लेखी मजकूर. सगळी मापं शेवटी एकत्र दिली आहेत, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

मागच्या भागानंतर तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलं, की हा माणूस दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी नेमकं काय करतो. तर रविवारी मी शिवतो. हसू नका. आज मी तुम्हाला एक गोधडी कशी शिवायची ते सांगणार आहे. सोबत उशांचे दोन जुळणारे अभ्रे. आधी कधी मशीनवर बसला नसाल तरी दोन रविवारांत होईल, एवढी सोपी पद्धत आहे.

आता पहिला प्रश्न मला सोलापुरातलेच मित्र विचारतात. "अरे, सोलापुरात राहून गोधडी? चादर आहे की!" बरोबर आहे. आपल्या चादरीला जीआय मानांकन आहे, लग्नात आहेर म्हणून ती देशभर जाते. पण चादर मागावर विणली जाते आणि आपण ती विकत आणतो. गोधडी घरातल्या कापडातून होते. म्हणजे ती अंगावर घेतली की हा तुकडा कुणाच्या साडीचा, तो कुणाच्या शर्टाचा, हे सांगता येतं. आणि माझ्याकडे तर गोधडीच शिवायचं एक कारण होतं.

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात आजीची एक अर्धवट गोधडी दोन वर्षं पडून होती. तिच्या तीन सुती साड्या आणि मध्ये आजोबांचं धोतर, असे थर. आजी कडेपासून धावदोरा घालत घालत आत येते. कडेनं हातभर आत आली, आणि मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बोटं थरथरायला लागली, काम थांबलं. मागच्या थंडीत, गड्ड्याच्या दिवसांत, ती म्हणाली, "आरं, ती गोधडी तेवढी पुरी झाली असती तर बरं झालं असतं."

मी काय म्हणालो असेन? "आजी, ऑनलाइन कम्फर्टर मागवतो, परवा येईल."

ती काहीच बोलली नाही. ट्रंक बंद केली आणि आत गेली. मला तेव्हा कळलं नाही, रात्री कळलं.

पण मला हातानं शिवता येत नाही. आजीसारखा बारीक, सरळ धावदोरा घालायला वर्षं जातात. मग मी शोधायला लागलो, की कमी वेळात, नवशिक्याला जमेल असं काय आहे. आणि मला सापडली पट्ट्यांची गोधडी.

परदेशात क्विल्ट करणाऱ्यांसाठी कापड आधीच कापून विकतात. अडीच इंच रुंद पट्ट्या, साधारण चाळीस, छान गुंडाळी करून. मोडा नावाच्या अमेरिकी कापड कंपनीनं त्याला जेली रोल असं नाव दिलं, कारण ती गुंडाळी केकच्या रोलसारखी दिसते. याचा फायदा काय? नवीन माणूस दोन ठिकाणी अडकतो. एक म्हणजे कापणं: कात्री वाकडी जाते, मग पुढचं सगळं वाकडं. दुसरं म्हणजे ठरवणं: कुठला रंग कशाशेजारी लावू? पट्ट्या कापून आल्या की पहिली अडचण संपते. आणि आता जी पद्धत सांगतोय, तिच्यात दुसरीही संपते, कारण रंग आपोआप पडतात.

आता तो रोल इथे मागवायचा तर महाग. पण अहो, आपण सोलापुरात आहोत! शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांचं हे गाव. माझे बाबा अशाच एका ठिकाणी कटिंग मास्तर आहेत. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर खडूनं खूण करायची आणि कटिंग मशीन फिरवायचं, हे त्यांचं रोजचं काम. मी दहा रंगांचं सुती कापड नेलं, प्रत्येकी ४० सेंटिमीटर, ४४ इंच पन्ह्याचं. बाबांनी जेवणाच्या सुट्टीत थर लावले आणि अडीच-अडीच इंचाच्या साठ पट्ट्या कापून दिल्या. चहा गार व्हायच्या आत. तुमच्याकडे असे बाबा नसतील तर ओळखीच्या टेलरला विचारा, किंवा मोठी पट्टी आणि धारदार कात्री घेऊन घरीच कापा. एक संध्याकाळ जाईल, बस्स.

इथे एक चूक सांगतो, माझीच. पहिल्यांदा मी हुशारी केली होती. कारखान्यातली कतरण फुकट मिळते, मग विकत कशाला घ्या? पण युनिफॉर्मचं कापड बहुतेक टेरिकॉट, म्हणजे त्यात पॉलिएस्टर. इस्त्री नीट बसत नाही, मशीनखाली सरकतं, आणि अंगावर घेतलं की घाम. आपल्याकडचा मे महिना आठवा! त्या पट्ट्यांची शेवटी बसकरं केली, त्याला ती उत्तम. पांघरायला मात्र सुतीच. कॅम्ब्रिक, पॉपलिन, जुने सुती शर्ट, काहीही चालेल. आणि कापायच्या आधी कापड धुवा. आटायचं ते आधीच आटू दे, आणि लाल, निळ्या गडद कापडाचा रंग जातो का तेही कळतं. पट्ट्या कापल्यावर धुवायला गेलात तर कडा सुटून नुसता दोऱ्यांचा गुंता होईल.

आता खरी गंमत. साठातल्या चाळीस पट्ट्या घ्या, कशाही क्रमानं. फक्त एकाच रंगाच्या दोन शेजारी आल्या तर बदला. एकीचं टोक दुसरीच्या टोकाला जोडत जा. चाळीस पट्ट्यांची एकच लांबच लांब पट्टी होईल, साधारण १,७४० इंच. सुरुवातीचा अठरा-वीस इंचाचा तुकडा कापून टाका. हे का? नाहीतर कडेला जोड एकाखाली एक येतात आणि नक्षी शिडीसारखी दिसते.

मग त्या लांब पट्टीची दोन टोकं एकत्र आणा, सुलट बाजू समोरासमोर, आणि पूर्ण लांबी शिवत जा. शेवटी घडी येईल, ती कापा. आता लांबी अर्धी, रुंदी दुप्पट. परत दोन टोकं एकत्र, परत शिवा, परत घडी कापा. असं पाच वेळा. दोन ओळी, चार, आठ, सोळा, बत्तीस. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे आकडे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल! पाचव्या शिलाईला तुमच्या हातात साधारण साडेचार फूट रुंद आणि सव्वापाच फूट लांब असा गोधडीचा वरचा भाग येतो. कुठला रंग कुठे गेला हे तुम्ही ठरवलेलंच नसतं, पण बघवत राहतं.

धीर द्यायला एक हिशेब सांगतो. पाच शिलायांची एकूण लांबी सुमारे ४२ मीटर. त्यातली पहिली एकटीच जवळजवळ २२ मीटर. म्हणजे पहिल्या शिलाईत अर्धं काम संपतं! तिथे कंटाळा येतो, बॉबिनमधला दोरा संपतो, पट्टीला पीळ पडतो. शिवायच्या आधी पट्टी हातातून एकदा सरळ सोडून घ्या, पीळ नाही ना बघा. तेवढं पार केलं की पुढच्या शिलाया भराभर होतात. मला वरचा भाग करायला एक दुपार लागली, मध्ये जेवण धरून.

लक्ष एकाच गोष्टीवर द्यायचं. शिलाईच्या बाहेर जे कापड सोडतो, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. इथे माया पाव इंच, सगळीकडे सारखी. पाव ऐवजी तीन अष्टमांश गेली तर एका जोडाला काही जाणवत नाही. पण जोड एकतीस आहेत, शेवटी पावणेआठ इंच गोधडी कमी भरते. आणि कुठे कमी, कुठे जास्त गेली तर कडा लाटेसारखी होते. मशीनच्या पट्टीवर पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून चालवा. बाबा म्हणतात, "सुईकडं बघू नको, कडंकडं बघ." सोन्यासारखा सल्ला आहे.

इथपर्यंत सगळं मस्त झालं. आता पुढचा प्रश्न, आत काय घालायचं? बाजारात पॉलिएस्टरचा थर मिळतो, पण माझं ऐकाल तर तो नको. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर मध्ये घाला आणि खाली जुनी सुती साडी. ऊब येते, आणि धुतली की गोळे होत नाहीत.

माझ्याकडे मात्र ट्रंकेतली ती अर्धवट गोधडी होती. वरच्या भागाचं मापही मी तिच्यावरूनच घेतलं होतं. आतही तीच, पाठीलाही तीच, वर फक्त माझ्या पट्ट्या. पण तिच्यावर मशीन चालवायचं म्हणजे आजीच्या टाक्यांवरून चालवायचं. दोन दिवस माझं धाडस होईना. शेवटी विचारलं.

आजी म्हणाली, "मग काय ट्रंकंत ठेवून पुजायची हाय का? घाल की."

मग फरशीवर तिची गोधडी ताणून पसरली, वर पट्ट्या, आणि वीत-वीत अंतरावर सेफ्टी पिना. सोळा नंबरची सुई, टाक्याचा आकडा तीनच्या वर. मशीनवर मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, म्हणजे चुण्या बाहेर निघून जातात. हातानं शिवताना आजी उलटं करते, कडेकडून मध्ये, कारण तिचा हात कापड सारखं करत जातो. मशीनला तो हात नाही. प्रत्येक जोडाशेजारून एक शिलाई मारली, म्हणजे दर दोन इंचाला एक. उरलेल्या सहा पट्ट्या जोडून चारी कडांना गोट लावला.

अभ्रे तर आणखी सोपे. एका अभ्र्याला सात पट्ट्या. प्रत्येकीचे अठरा इंचाचे दोन तुकडे, म्हणजे चौदा तुकडे. ते लांबीच्या कडेनं एकमेकांना जोडा, पुढचा भाग तयार. मागे साध्या कापडाचे दोन तुकडे, एकमेकांवर पाच इंच चढणारे. ना चेन, ना बटण. जुन्या बेडशीटचं कापड मागे चालतं.

रविवारी संध्याकाळी गोधडी आजीच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, रंग बघून खूश होईल. तिनं रंग बघितलेच नाहीत. गोधडी उलटी केली आणि पाठीवर हात फिरवायला लागली. आधी तिचे टाके, मग माझे. बराच वेळ. मग म्हणाली, "चुण्या नाहीत, बरं केलास. पण दोरा लई जवळ जवळ मारलास. फळीवाणी झाली बघ. अंगाला वळंल का ही?"

मंडळी, कोड रिव्ह्यूत मला बरंच ऐकावं लागतं, पण एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी उचलून बघितली. खरंच कडक झाली होती. मशीनचा टाका घट्ट, त्यात दर दोन इंचाला. हाताच्या टाक्यात कापडाला हलायला जागा राहते, मशीनच्या टाक्यात ती आपण अंतर वाढवून द्यावी लागते. मग मी एकाआड एक ओळ उसवली. पंधरा ओळी, चार संध्याकाळी. ऑफिसचे कॉल चालू, माईक बंद, हातात उसवायची सुई. आजी शेजारी बसून तुटलेले दोरे वेचायची. तिला ते हातानंच जाणवायचे, डोळ्यांची गरज नव्हती. आणि वेचता वेचता सांगायची, ही साडी कधीची, हे धोतर आजोबांनी कुठल्या बाजारातून आणलेलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, कापण्यात वेळ वाचवा, जोडण्यात वाचवा, बिनधास्त वाचवा. पट्ट्यांची पद्धत त्यासाठीच आहे. पण आतला थर कुठला, आणि शेवटची शिलाई किती अंतरावर, इथे घाई करू नका. थंडीत गोधडी अंगाशी वळते की नाही, ते या दोन गोष्टींवर ठरतं. आणि घरात कुणी हातानं शिवलेलं असेल, तर शिवून झाल्यावर नाही, शिवायच्या आधीच त्यांना हात लावून बघायला सांगा. माझ्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या. पण खरं सांगू? त्या वाचल्या नाहीत हे बरंच झालं.

गोधडी आता आजीच्या अंगावर असते. अभ्रे मात्र तिनं कपाटात ठेवलेत. पाहुण्यांसाठी!

तुमच्या घरी गोधडीला काय म्हणतात? वाकळ, लेपाटं, की आणखी काही? व्हॉइस नोट पाठवा, आणि आजीला बोलतं करता आलं तर तिच्याच आवाजात पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.

मापं एका ठिकाणी:
कापड: सुती, ४४ इंच पन्हा, १० रंग, प्रत्येकी ४० सेंमी. आधी धुऊन, इस्त्री करून.
पट्ट्या: अडीच इंच रुंद, एकूण ६०. गोधडीला ४०, दोन अभ्र्यांना १४, गोटाला ६.
माया: पाव इंच, सगळीकडे सारखी.
तयार गोधडी: साधारण ५४ बाय ६४ इंच. उंच माणसासाठी कडेनं रुंद पट्टी जोडून वाढवा.
आतले थर: जुनी चादर किंवा दोन-तीन सुती साड्या, चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा, गोट लावायच्या आधी कापा.
वरच्या शिलाया: चार-चार इंचांवर. दोन इंचांवर नको!
अभ्रा: १७ बाय २७ इंचाच्या उशीसाठी. मागचे तुकडे १८ बाय २० आणि १८ बाय १६ इंच. जिथे ते एकमेकांवर येतात ती कड एक इंच दुमडून शिवा.